मध्यान्हीची दहा मिनिटं

जुईनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कडेला, कडप्प्याचा एक दगड चार विटांवर ठेवलेला असायचा. दोन फूट लांब, वीतभर रुंद. त्याच्या मधोमध छिन्नीने कोरलेली एक सरळ रेघ. दक्षिणेच्या टोकाला लोखंडी स्टँड, स्टँडवरून सोडलेली बारीक तार आणि तारेच्या टोकाला पितळी ओळंबा. वाऱ्याने हलू नये म्हणून तो ओळंबा पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवलेला. एवढंच यंत्र. ते माझ्या वडिलांचं होतं. ते मी बिघडवलं, आणि त्याच्याबरोबर जे बिघडलं ते मला नंतर दुरुस्त करता आलं नाही.

बाबांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. साखळी, फळी, काटकोन, रत्नागिरीच्या डोंगरउतारावरचे बांध. आई गेल्यावर ब्याण्णव साली ते आमच्याकडे राहायला आले. मी तेव्हा वाशीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. आमच्या सोसायटीचे नकाशेही त्याच ऑफिसात झालेले. त्यातल्या निम्म्या शीट्सवर माझा हात फिरलेला होता. याचा मला अभिमान होता. पुढे जे झालं त्याला तो अभिमानही कारणीभूत आहे, म्हणून सांगून ठेवतो.

दोन वर्षं बरी गेली. मग एका संध्याकाळी बाबा दूध आणायला गेले आणि तासभर आले नाहीत. शोधायला गेलो तर ते शेजारच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्ये सापडले. तीच पिवळी भिंत, तोच जिना, दुसरा मजला, डावीकडचं दार. ते आमची किल्ली त्या लोकांच्या कुलपात घालून फिरवत उभे होते. आतल्या बाई घाबरून दार उघडत नव्हत्या.

परत आलो तर आमच्या बिल्डिंगखाली चार लोक जमले होते. सोसायटीचे सेक्रेटरी हसून म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका. मी पण एकदा शिरलो होतो तिकडे. चप्पल काढली, सोफ्यावर बसलो, मग बघतो तर बायको दुसरीच!"

सगळे हसले. बाबाही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी दूध ओट्यावर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले.

"भाऊंचंही असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले.

भाऊ म्हणजे त्यांचे थोरले बंधू. शेवटची चार वर्षं त्यांना स्वतःची मुलं ओळखू येत नव्हती. बाबांनी त्यांना आंघोळ घातली होती, भरवलं होतं. मरणाला बाबा भीत नव्हते. त्यांना भीती होती ती भाऊंसारखं होण्याची, आणि होताना आपल्याला ते कळणार नाही याची.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी तुर्भ्याहून तो दगड आणला आणि छिन्नी घेऊन बसले.

"घड्याळातले बारा हे आपले बारा नव्हेत," त्यांनी मला समजावलं होतं. "ते मिर्झापूरच्या बाजूचे. आपण तिथून साडेनऊ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा अडतीस व्हायला हवेत. पण सूर्यही वर्षभर एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरात पंधरा-सोळा मिनिटं लवकर येतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं उशिरा. ते रोजचं वेगळं गणित."

ते गणित बाबा रोज सकाळी चहा झाल्यावर करायचे. पुस्तकातल्या कोष्टकावरून नाही, तोंडी सूत्रावरून, कागदावर हाताने. आज मध्यान्ह रेडिओच्या वेळेने किती वाजून किती मिनिटांनी, ते आधी वहीत लिहायचं. मग जाऊन बघायचं. तारेची सावली दगडावरच्या रेघेकडे सरकत यायची. सूर्य हा काही ठिपका नाही, थाळी आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर असते. म्हणून बाबा सावलीची एक कड रेघेला लागताना वेळ घ्यायचे, दुसरी कड सुटताना घ्यायचे, आणि दोन्हींची सरासरी काढायचे. घड्याळ रेडिओच्या टोल्यांवर लावलेलं. एवढ्या साध्या सामानात ते अर्ध्या मिनिटापर्यंत पोचायचे. सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी त्यांनी बारा अंगुळांची काठी उभी करून दुपारची सावली मोजली, ती चार अंगुळं आणि वर जराशी भरली.

"अक्षांश एकोणीस," ते खाली येऊन माझ्या बायकोला म्हणाले. "म्हणजे मी रत्नागिरीत नाही, जुईनगरातच आहे. आता चुकलो तर बिल्डिंगच चुकेन, गाव नाही."

फरक दोन मिनिटांच्या आत आला की बाबा जेवायला बसताना नुसतं "शाबूत" म्हणायचे. हा शब्द कुणासाठी आहे ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

सोसायटीने दगड सिमेंटने बसवू दिला नव्हता. गच्ची कॉमन, कायमचं बांधकाम चालणार नाही, रंगाच्या खुणाही नकोत. म्हणून बाबांनी विटांच्या कोपऱ्यांशी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या आणि त्या दर दोन दिवसांनी ते गिरवायचे.

जानेवारीत ते आठ दिवस गावी गेले, चुलत्यांच्या वर्षश्राद्धाला. निघताना पिशवी खांद्याला लावून ते पुन्हा गच्चीवर जाऊन आले.

"दगडाला कोणी हात लावणार नाही एवढं बघ."

"बघतो, बाबा."

त्याच रविवारी टाकी धुवायची आणि खालचा गंजलेला पाइप बदलायचा निघाला. प्लंबर घणसोली गावचा होता, दगडाकडे बघून म्हणाला, "ह्यो मधी हाय, दादा. हलवावा लागंल."

मी म्हटलं, वडिलांचं यंत्र आहे.

"दगूडच हाय ना? देव नाय ना? हलवू, पानी गेल्यावर परत ठेवू. काय टेन्शन नाय."

मी त्याला अडवू शकलो असतो. पाइप दुसऱ्या बाजूने नेता आला असता, नाहीतर बाबा येईपर्यंत थांबता आलं असतं. पण सेक्रेटरी जिन्यात उभे राहून घड्याळ बघत होते, आणि मला वाटलं, खडूच्या खुणा आहेतच. आम्ही दोघांनी दगड उचलून भिंतीशी नेला. मग टाकीचं गढूळ पाणी सोडलं आणि ते गच्चीभर पसरलं. खुणा कुठे होत्या तेही नंतर दिसेना.

मी घाबरलो नाही. हे मुद्दाम लिहितो. त्या वेळी मी घाबरायला हवं होतं. पण मी खाली गेलो, कपाटातून आमच्या बिल्डिंगच्या नकाशाची प्रत काढली, कोनमापक घेतला आणि पुन्हा वर आलो. शीटच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण होता. तो मीच काढला होता. कठड्याशी त्या बाणाचा जो कोन होता तो मी काळजीपूर्वक मोजला, दोरी धरली, आणि दगडाची रेघ त्या दोरीला लावून दगड बसवला. पाणपातळीही तपासली. प्लंबर बघत होता. "इंजिनेर हाय आमचा दादा," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं.

बाबा परत आले ते थेट गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा सेक्रेटरी पाइपच्या कामाबद्दल बोलायला आमच्या दारात उभे होते.

"टाकी धुतलेली दिसते," बाबा म्हणाले. "दगडाला हात नाही ना लागला?"

"नाही," मी म्हटलं.

एक शब्द. मी दगड बरोबर बसवला आहे याची मला खात्री होती, मग उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सेक्रेटरींसमोर मला बोलणी खायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा जेवायला बसले आणि "शाबूत" म्हणाले नाहीत. मी ऑफिसात होतो. हे बायकोने संध्याकाळी सांगितलं. सावली त्यांनी काढलेल्या वेळेनंतर अकरा मिनिटांनी रेघेवर आली होती. त्यांनी गणित पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. त्यांनी रेडिओ बदलून बघितला, घड्याळ बदलून बघितलं. रात्रीच्या जेवणाच्या आधी ते वही घेऊन माझ्यासमोर बसले.

"हे जरा तपास. कुठे चुकतंय ते मला दिसत नाही."

मला ते गणित येत नव्हतं. मी आकडे वरवर बघितले आणि म्हणालो, "थकला असाल प्रवासाने. होईल ठीक."

"दगड खरंच नाही ना हलला?"

"नाही हो, बाबा."

माझी तेव्हाची समजूत काय होती तेही कबूल करायला हवं. दगड चुकला असेल असं मला वाटलंच नव्हतं. उत्तर दिशा मी नकाशावरून घेतली होती. म्हणजे चूक बाबांची होती. किल्लीच्या प्रसंगानंतर ज्याची आम्ही वाट बघत होतो ते सुरू झालं, असं मी बायकोला म्हणालो. ती रडली. फेब्रुवारीत आम्ही बाबांना वाशीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं.

"घरच्यांना काय जाणवतंय?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी बाबांच्या देखत सांगितलं. "वर्षभर अर्ध्या मिनिटानेही न चुकणारा माणूस आहे, डॉक्टर. आता महिनाभर रोज दहा मिनिटांनी चुकतोय, आणि चूक त्यांना सापडत नाही."

डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तो सांगतो ते."

गोळ्या सुरू झाल्या. मी रोज घरी आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारायचो. साडेनऊ. नऊ. मार्च लागला तेव्हा साडेसात. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना उत्साहाने आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, छान, चालू ठेवा. बाबा मात्र या सुधारणेने खूश झाले नाहीत. रिक्षात त्यांनी मला विचारलं, "गोळी लागू पडते म्हणजे आजार होताच, नाही?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात आमच्याच पट्ट्यातल्या एका प्लॉटचं काम आलं. सर्व्हे करणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आमच्याकडे यायचे. त्यांनी माझ्या शीटवर नजर टाकली आणि बाणावर पेन्सिल टेकवली.

"हा बाण कुठून घेतला?"

"जुन्या शीटवरून. आमच्या सोसायटीच्या."

"अरे, ती उत्तर कागदाची आहे. तुमच्या साहेबांनी तेव्हा प्लॉट शीटवर सरळ बसावा म्हणून फिरवलेली. खरी उत्तर चार अंश पश्चिमेला. सरकारी नकाशात बघ ना."

मी बघितलं. चार अंश. मग मी टेबलाशी बसून, बाबांकडून अर्धवट ऐकलेलं आठवून, आयुष्यात पहिल्यांदा ते गणित केलं. रेघ चार अंश पूर्वेला वळलेली असेल तर जानेवारीत सावली अकरा मिनिटं उशिरा पोचते. सूर्य दिवसागणिक जसजसा वर चढतो तसतशी दुपारची सावली जोराने फिरते, म्हणून फेब्रुवारीत नऊ, मार्चच्या मध्यावर सहा. गोळ्यांनी काहीही केलं नव्हतं. सूर्य उत्तरेकडे सरकत होता, इतकंच. आणि बाबा एकाही दिवशी चुकले नव्हते.

मी हाफ डे टाकून घरी आलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. दार उघडलं तर बाबा खुर्चीत बसून होते, पायात मोजे, दुपारी दोन वाजता. मला बघून म्हणाले, "लवकर आलास? की मलाच उशीर वाटतोय?" मी ठरवलं, आधी दगड नीट करू. यंत्र बरोबर झालं की बाबा बरे होतील. मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

रविवारी बायको बाबांना घेऊन वाशीला तिच्या भावाकडे गेली. मीच तसं जमवून आणलं. सकाळी आठपासून मी गच्चीवर होतो. सपाट फरशीवर काठी उभी केली, तिच्याभोवती वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरलं तिथे एक खूण, दुपारनंतर ते वर्तुळाबाहेर पडलं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. नकाशा नको, होकायंत्र नको. स्लॅबमधल्या सळ्यांनी होकायंत्र भरकटतं, पण सावलीला सळ्यांचं काही नसतं. मधली वाट बघताना ऊन डोक्यात शिरलं. सेक्रेटरी वर येऊन म्हणाले, "तुम्हीपण? घराण्यातच आहे वाटतं!" मी हसलो नाही. संध्याकाळी दगड जागेवर होता. विटांचे कोपरे या वेळी मी खिळ्याने कोरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली.

"आज किती, बाबा?"

"बारा सत्तेचाळीस," ते म्हणाले. "पण माझ्यावर जाऊ नकोस."

मी त्यांना हाताला धरून वर नेलं. हातात रेडिओवर लावलेलं घड्याळ. सावली आली, तिची एक कड लागली, दुसरी सुटली. बारा सत्तेचाळीस आणि काही सेकंद.

"बरोबर आलं, बाबा! शाबूत!"

बाबा वाकून दगडाकडे बघत राहिले. रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"परवा सहा मिनिटं चूक होती," ते म्हणाले. "आज नाही. म्हणजे दगड ठीकच होता."

मी घड्याळ खिशात ठेवलं.

"दोन महिने मी चुकत होतो. तेच सूत्र, तेच आकडे. रोज तीन-तीनदा तपासत होतो आणि एक चूक मला दिसली नाही." ते सरळ उभे राहिले. "आज बरोबर आलं. उद्या चुकलं तर मला कळणार कसं? मला बरोबरच वाटत राहणार."

बोलायचं होतं ते तिथेच. अजून अर्धं मिनिट मिळालं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला पुष्कळ वेळ मिळाला. आम्ही जिना उतरलो, हात धुतले, जेवायला बसलो. आमटी वाढली गेली. डॉक्टरांसमोर मी काय बोललो होतो ते मला आठवत होतं, आणि आता सांगायचं म्हणजे तेही सांगायला लागणार होतं. मी जेवलो.

बाबांनी वही माझ्याकडे दिली. "ठेव तुझ्याजवळ." त्यानंतर ते गच्चीवर गेले नाहीत. आधी एकटं बाहेर जाणं सोडलं, मग किल्ली नको म्हणाले. कोणी वेळ विचारली तर "मला नका विचारू" म्हणायचे. चहात साखर घातली का हेही ते बायकोला विचारून पीत. पावसाळ्यानंतर खरंच नावं हरवू लागली. डॉक्टर म्हणाले, हे असंच होणार होतं, वयाचा भाग आहे. माझ्यामुळे किती आणि वयामुळे किती, याचं सूत्र माझ्याजवळ नाही.

वही मी दिवाळीच्या साफसफाईत उघडली. जानेवारीच्या पानांवर तारखा, बाबांचं गणित, सावलीची वेळ, फरक. अकरा, अकरा, पावणेअकरा, साडेदहा. एखाद्या सरळ उतारासारखे खाली येणारे आकडे. बिघडलेलं डोकं असं शिस्तीत चुकत नाही. हे बाबांनीच मला लहानपणी बांध मोजताना शिकवलं होतं: कधी जास्त, कधी कमी येत असेल तर माणूस चुकतोय, एकाच बाजूला सारखं येत असेल तर आधी साखळी तपास.

तिसऱ्या दिवसाच्या नोंदीशेजारी, समासात, पेन्सिलने लिहिलं होतं: "दगड पूर्वेला फिरला असावा. अंदाजे चार अंश." त्याखाली: "विचारलं. नाही म्हणाला." त्यानंतर त्यांनी ते वरचं वाक्य एका रेघेने खोडलं होतं.

त्यांना तिसऱ्याच दिवशी उत्तर मिळालं होतं. चार अंशसुद्धा.

मी वही घेऊन बाबांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. प्लंबर, पाणी, नकाशा, बाण, डॉक्टर, तो रविवार. "तुम्ही चुकला नव्हतात, बाबा. दगड मी हलवला होता. मी खोटं बोललो."

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग परक्या माणसाशी बोलावं तसं आदराने म्हणाले, "नाही हो. मी मुलाला विचारलं होतं. दोनदा विचारलं."

"बाबा, मीच—"

"तो नाही म्हणाला," ते म्हणाले, आणि वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी ती बंद केली.